मूर्ती आहेत, निरूपण नाही



२०२४ च्या जून महिन्यात बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची एक मोठी मूर्ती सापडली. लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालू असताना काही दगड वेगळे दिसले, म्हणून तेथे खोदण्यात आले. प्रथम एका देवळाच्या सभामंडपाचा पाया उघडा पडला. आणखी खाली, दोन मीटरांहून अधिक खोलीवर, ही मूर्ती लागली. लांबी १.७० मीटर, उंची सुमारे १ मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, त्याचे पाय चुरणारी लक्ष्मी आणि त्यांच्यासोबत कोरलेले समुद्रमंथनाचे दृश्य. खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे हा दगड क्लोराइट शिस्ट या मऊ जातीचा आहे आणि असा दगड दक्षिणेत होयसळांच्या शिल्पांत वापरला जात असे. वऱ्हाडच्या काळ्या, कठीण बेसाल्टशी त्याचे नाते नाही.

अशी मूर्ती निघाली की पहिला प्रश्न विचारला जातो तो ती ठेवायची कोठे, हा. गावात ठेवायची, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायची की नागपूरला? हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यावर लोकांनी आग्रह धरला तर तो योग्यच आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न उभा राहावयास हवा होता, तो फारसा कोणी विचारला नाही. मूर्ती कोठेही ठेवली तरी तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला ती समजावून कोण सांगणार? हा दगड शेकडो मैलांवरून आला की घडवलेली मूर्तीच आली? कोणत्या वाटेने? ती जमिनीखाली का गेली? यांतील काही प्रश्नांना आज उत्तरे आहेत, काहींना अद्याप नाहीत. पण प्रश्न तरी लोकांपर्यंत पोचवणारा माणूस कोणत्या खात्याच्या पटावर आहे?

संग्रहालयातील जाहीर व्याख्याने आणि मार्गदर्शित फेऱ्या हा विषय वरवर पाहता शहरी, सुखवस्तू माणसांच्या फावल्या वेळेचा वाटतो. तो तसा वाटतो हीच खरी अडचण आहे. ज्या जिल्ह्यात शिल्प वाड्यावस्त्यांवर पसरले आहे आणि मुंबई-नागपूरच्या तोडीचे कलासंग्रहालय मात्र नाही, त्या जिल्ह्याला या विषयाची गरज मोठ्या शहरांपेक्षा अधिक आहे.

मेहकरची मूर्ती

पैनगंगेकाठच्या मेहकर गावात शारंगधर बालाजीचे देऊळ आहे. त्यातील विष्णूची उभी, काळ्या पाषाणाची मूर्ती सुमारे अकरा फूट उंचीची आहे. ही मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. ती एका मोठ्या लाकडी पेटीत होती, असे सांगतात. मेहकरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, इंग्रज अधिकाऱ्यांचा विचार ही मूर्ती विलायतेस नेण्याचा होता. गावकऱ्यांना त्याचा सुगावा लागताच त्यांनी घाईने मूर्तीची प्राणप्रतिष्ठा उरकली. पूजेत बसलेला देव उचलून नेणे सरकारलाही सोपे नव्हते. मूर्ती गावात राहिली.

या हकिकतीचा तपशील कागदोपत्री किती आढळेल हा इतिहासकारांचा विषय. लोकांनी ती जपून ठेवली याचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. त्या काळी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता. अजिंठ्याची लेणी या जिल्ह्यापासून फार दूर नाहीत. तेथील चित्रांच्या रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला इंग्लंडला पाठवल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. आपल्या वस्तू उचलून नेल्या जातात, त्यांचे पुढे काय होते ते आपल्याला कळतही नाही, हा अनुभव जुना आहे. मेहकरच्या लोकांनी आपल्या परीने त्याला विरोध केला आणि तो यशस्वी झाला.

मालकीचा प्रश्न सुटला, पण ज्ञानाचा प्रश्न शिल्लक राहिला. देवळात येणारा माणूस दर्शनासाठी येतो. तो हात जोडतो, डोळे मिटतो आणि बाहेर पडतो. त्याच्या श्रद्धेला कोणी बोट लावण्याचे कारण नाही. परंतु त्याच माणसाला मूर्तीच्या हातांतील आयुधांचा क्रम का पाहावा, त्या क्रमावरून विष्णूच्या चोवीस रूपांपैकी हे कोणते हे कसे ओळखावे, कलाकाराने एवढ्या मोठ्या पाषाणाचा तोल कसा साधला, हे कोणी सांगितले तर त्याचे दर्शन उणे होणार नाही. उलट ज्या पाथरवटाने महिनोन्‌महिने छिन्नी चालवली त्याच्यापर्यंत त्याची नजर पोचेल. आज ती देवापाशीच थांबते. घडवणारा अंधारातच राहतो.

उघडे दार आणि बंद अर्थ

वस्तू देवळात राहिली तर दर्शन होते आणि संग्रहालयात गेली तर काय होते? नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोकांनी त्याला नाव दिले ‘अजबबंगला’. कोलकात्याच्या संग्रहालयाला तेथील लोक ‘जादूघर’ म्हणत आले. ही नावे गमतीची वाटतात, पण ती एक प्रकारची साक्ष आहे. खेड्यातून आलेला माणूस पेंढा भरलेला वाघ पाहतो, ताम्रपट पाहतो, भंगलेली मूर्ती पाहतो, अजब म्हणतो आणि निघून जातो. वस्तू पाहून त्याला नवल वाटते, बोध होत नाही. कारण वस्तूखालची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही, किंवा वाचता आली तरी ‘विष्णू, पाषाण, बारावे शतक’ एवढ्या चार शब्दांत त्याच्या कामाचे काही नसते.

युरोपातही हे आपोआप सुधारले नाही. पॅरिसचा लूव्हर राजवाडा १० ऑगस्ट १७९३ रोजी संग्रहालय म्हणून जनतेला खुला झाला. राजसत्ता कोसळली त्या दिवसाचा तो पहिला वार्षिक दिन होता. राजाचे धन जनतेचे झाले ही घोषणा क्रांतिकारक होती यात शंका नाही. पण दार उघडल्याने कामकरी माणसाला सवड मिळत नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८५० च्या दशकाच्या अखेरीस दालनांत गॅसचे दिवे लावले आणि संध्याकाळीही दारे उघडी ठेवली, ती दिवसभर राबणाऱ्या माणसाला येता यावे म्हणून. पुढे तेवढेही पुरत नाही असे ध्यानात आले. अमेरिकेत बोस्टनच्या कलासंग्रहालयाने १९०७ साली प्रेक्षकांबरोबर दालनात फिरून वस्तू समजावून सांगणारा माणूस नेमला. ब्रिटिश म्युझियमने १९११ साली असा व्याख्याता ठेवला. म्हणजे दार उघडल्यापासून समजावून सांगणारा माणूस येईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली.

फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि त्यांचे सहकारी आलँ दार्बेल यांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी करून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष समाजवादी विचाराच्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. संग्रहालयात कोण येतो हे मुख्यतः शिक्षणावर ठरते. केवळ तिकीट माफ केल्याने कामगार-शेतकऱ्याचा मुलगा आत येत नाही, कारण आत जे आहे ते आपल्यासाठी आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते. जो येत नाही त्याला मग ‘अभिरुची नाही’ असा शिक्का बसतो. अभिरुची जन्मजात असते हा समज अभिजनांच्या सोयीचा आहे. पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि जी शिकता येते ती शिकवली गेली पाहिजे.

निरूपणाची परंपरा

हे शिकवणे परदेशातून आणावे लागेल असे कोणी समजू नये. चित्रापुढे उभे राहून चित्र सांगण्याची कला महाराष्ट्राला जुनी आहे. चित्रकथी गावोगाव फिरत. रात्री दिव्याच्या उजेडात एकेक चित्र उभे धरीत आणि वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत. पैठण शैलीची ही चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत; एक प्रसंग सांगून झाला की पोथी उलटायची आणि दुसरा दाखवायचा. श्रोत्यांत अक्षरशत्रूच अधिक असत, तरी चित्र त्यांना कळे, कारण चित्राबरोबर सांगणारा येत असे. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला जिवंत ठेवली आहे आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन शासनाने तिची दखल घेतली.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचून जमवलेला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला जो संग्रह आहे, त्यात पैठण शैलीची चित्रे आहेत. जी चित्रे सांगण्यासाठीच काढली होती ती आता काचेमागे मुकी आहेत. संग्रहालयाने त्यांना वाळवीपासून वाचवले, हे त्याचे उपकार. पण चित्र वाचले आणि सांगणारा सुटला, तर निम्मीच वस्तू वाचली असे म्हणावे लागेल.

कीर्तनाचेही तसेच आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याच्या एकेका शब्दावर निरूपण करतो. समोर विद्वान आणि निरक्षर शेजारी शेजारी बसलेले असतात आणि दोघांनाही काही ना काही मिळते. गाडगेबाबांनी तर हाच साचा घेऊन देवभोळेपणा आणि कर्ज काढून केलेले सण यांवर प्रहार केले, तेही श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून. जगातील उत्तम संग्रहालये आज आपल्या निरूपकांना हेच शिकवतात: आधी पाहणाऱ्याला काय दिसते ते विचारा, मग सांगा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, तेव्हापासून जाहीर व्याख्यान हे महाराष्ट्रात लोकशिक्षणाचे साधन ठरले आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली सातारा जिल्ह्यातील यमाईच्या डोंगरावर, खेड्यापाड्यांच्या मध्ये, कलासंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे खेड्यातल्या माणसाने पाहावीत असे एका संस्थानिकाला वाटले. लोकशाही शासनाला त्याहून कमी वाटावे हे शोभत नाही.

मुंबईत गेल्या काही वर्षांत या दिशेने पावले पडली आहेत हे नाकारू नये. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ साली पुन्हा खुले झाले आणि तेथे सुटीच्या दिवशी विनाशुल्क मार्गदर्शित फेऱ्या ठेवण्यात आल्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले. वस्तू मांडलेली बस शाळांच्या अंगणात जाऊ लागली. हे स्वागतार्ह आहे. पण बुलडाण्यापासून मुंबई चारशे किलोमीटरांच्या वर आणि नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. बस एक दिवस येते आणि जाते. जिल्ह्याची स्वतःची शिल्पे मात्र वर्षाचे ३६५ दिवस जागेवर आहेत. येथे देवळे, बारवा, मशिदी आणि समाध्या हेच संग्रहालय आहे. त्याला छप्पर नको, त्याला निरूपक हवा.

फेरी कशी असावी

लोणारचे उदाहरण घ्यावे. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ तारकाकृती विधानाचे आहे. बाह्यभिंतीचे कोन इतके वळत जातात की उन्हाची तिरीप सरकते तशी शिल्पे एकामागून एक उजळतात. आतल्या छतांवर दैत्यसंहाराच्या कथा कोरल्या आहेत, पण अंधारात त्या दिसत नाहीत. हातात विजेरी असलेला आणि कोठे प्रकाश टाकावा हे माहीत असलेला माणूस बरोबर नसेल, तर प्रेक्षक खालून चालत जातो आणि वर काय आहे हे न कळताच बाहेर पडतो. अनेक ठिकाणी हौशी गाईड भेटतात. ते शृंगारशिल्पांकडे बोट दाखवून हसतात, एखाद्या दगडाची चमत्कारिक गोष्ट सांगतात आणि पैसे घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी शिकवलेले नाही आणि त्यांच्या पोटाची सोयही कोणी केलेली नाही.

जाणता निरूपक येथे काय सांगेल? तो प्रथम सांगेल की अशा देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची रीत आहे, पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला आणि यांतील कित्येक देवळे त्याच्या आधीची आहेत. चुन्यावाचून, केवळ घडीव दगडांच्या खाचा एकमेकांत बसवून आणि वजनाचा तोल साधून ती उभी केली आहेत. एक खांब दाखवून तो विचारेल, हा गोल भाग एवढा गुळगुळीत कशाने झाला असेल? मग दगड फोडण्यापासून घासण्यापर्यंतची कामे, त्यासाठी लागणारी माणसे, त्यांना धान्य पुरवणारी शेती, हे सारे तो उलगडेल. राजाचे नाव शिलालेखात असते. पाथरवटाचे नाव शोधावे लागते आणि बहुधा सापडत नाही. ते सापडत नाही हे सांगणे हाही निरूपणाचाच भाग आहे.

तेथून फेरी सरोवराच्या काठावर येईल. लवणासुराची कथा तो पूर्ण रंगवून सांगेल, कारण ती या गावाची स्मृती आहे आणि देवळातील शिल्पाचा अर्थ तिच्यावाचून लागत नाही. त्यानंतर तो सांगेल की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले. विवरात खोल छिद्रे घेऊन काढलेल्या दगडांत केवळ प्रचंड आघातानेच होणारे बदल आढळले आणि १९७३ साली ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विवराचे वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत, नंतरच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर गेले. लोखंडी पाटीवरचा आकडा एकदा रंगवला की वीस वर्षे तसाच राहतो. बोलणारा माणूस तो बदलू शकतो आणि का बदलला हेही सांगू शकतो. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क उठले. क्षारता वाढल्यावर विशिष्ट सूक्ष्मजीव वाढतात आणि पाण्याला तो रंग देतात, हे काठावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगणारा कोणी असता तर वैज्ञानिक दृष्टीचा तो मोठा धडा झाला असता. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले, याचा अर्थही गावाला समजावून सांगणे उरलेच आहे.

सिंदखेडराजाला दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीसाठी लाखोंचा समुदाय लोटतो. राजवाडा पाहून तो परततो. पुतळा बारवेतील कोरीव काम, मोती तलावाच्या बांधाची रचना, लखुजींच्या समाधीचे स्थापत्य यांच्यापाशी थांबवून पंधरा मिनिटे बोलणारी माणसे त्या दिवशी उभी केली, तर ते राज्यातील सर्वांत मोठे कलाशिक्षणाचे शिबिर ठरेल. बारव ही केवळ शोभेची वस्तू नाही. पावसाचे पाणी जमिनीत कसे धरून ठेवावे याचे ते ज्ञान आहे आणि पाणीटंचाईच्या गावांना त्याचा आजही उपयोग आहे. तेथून जवळच साखरखेर्डा. १७२४ सालच्या तेथील लढाईने निजामाची दख्खनमधील सत्ता पक्की झाली आणि या प्रदेशाचे भवितव्य दोन शतकांसाठी ठरले. मोताळा तालुक्यात रोहिणखेडची जुनी मशीद आहे. देऊळ, समाधी आणि मशीद यांवरील छिन्नीचे काम एका फेरीत शेजारी शेजारी पाहिले की कारागिरांची कसबे धर्माच्या कुंपणापाशी अडत नव्हती हे डोळ्यांनीच पटते. भाषणांनी जे साधत नाही ते कधी कधी एका कमानीपुढे साधते.

येथे एक इशाराही द्यावयास हवा. निरूपण जितके प्रभावी, तितके ते चुकीच्या हाती घातक. एखाद्या वास्तूपुढे उभे राहून एका जातीचा अहंकार फुलवणे किंवा दुसऱ्या धर्माविषयी विष कालवणे सोपे असते. समोरच्याला पडताळा पाहण्याचे साधन नसते. त्याला उपाय निरूपण बंद करणे हा नसून ते शिकलेल्या, उत्तरदायी आणि प्रश्न विचारू देणाऱ्या माणसांच्या हाती देणे हा आहे. पोकळी ठेवली तर ती कोणी तरी भरणारच.

भाकरी आणि शिल्प

एक आक्षेप निश्चित घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. बुलडाणा हा २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी-आत्महत्यांमुळे विशेष साहाय्यासाठी निवडलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक. कापूस आणि सोयाबीनच्या भावाने जेथे घर चालते किंवा बुडते, तेथे मूर्तींच्या व्याख्यानांचे कौतुक कशाला? आधी सिंचन, आधी भाव, आधी दवाखाना.

ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यात तिळभरही तडजोड होता कामा नये. पण या युक्तिवादात एक छुपी विभागणी आहे: शहराला भाकरी आणि कला दोन्ही, खेड्याला भाकरी मिळाली तर पुरे. ती भाकरीही धड मिळत नाही. पण कलेचा हक्क सोडून दिल्याने ती लवकर मिळाल्याचा दाखला कोठेही नाही. ज्या माणसाला सतत मागास, दुष्काळी, पॅकेजचा लाभार्थी म्हणूनच संबोधले जाते, त्याला आपल्या पूर्वजांनी हा दगड घडवला, ही बारव खोदली, हे कळणे म्हणजे स्वतःविषयीचा एक वेगळा पुरावा हाती येणे होय. मान ताठ असलेला माणूस भावासाठीही अधिक नेटाने लढतो.

शिवाय हा प्रश्न रोजगाराचाही आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. गाड्या वेगाने येतात आणि वेगाने जातात. जमीन जिल्ह्याने दिली, प्रवासी मात्र थांबत नाही. थांबण्यासारखे येथे पुष्कळ आहे, पण थांबल्यावर सांगणारा नाही.

मागणी काय असावी

संविधानाने १९७६ सालच्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली. संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे ही त्यांतील दोन. मोल जाणावे असे नागरिकाला सांगावयाचे आणि ते जाणण्याचे साधन द्यावयाचे नाही, हे न्यायाचे नव्हे. म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.

जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन, म्हणजे सव्वीस निरूपक जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पगारी नेमावेत. ते त्याच तालुक्यातील तरुण-तरुणी असावेत. निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात. खामगावच्या टिळक राष्ट्रीय विद्यालयासारख्या संस्थांनी या जिल्ह्यात कलाशिक्षणाची परंपरा निर्माण केली आहे, तेव्हा शिकण्यास योग्य माणसे मिळणार नाहीत ही सबब चालणार नाही. त्यांना पुरातत्त्व खात्याच्या आणि विद्यापीठाच्या जाणकारांनी सहा महिने शिकवावे आणि दरवर्षी नव्या संशोधनाची उजळणी करून द्यावी.

फेऱ्यांची वेळ श्रमणाऱ्याच्या सोयीने ठरावी. खेड्यातला माणूस आठवडी बाजाराला तालुक्याला येतो, तर त्या दिवशी दुपारी फेरी असावी. शेतमजूर स्त्रीला दिवसा सवड नसते, तर चांदण्या रात्री देवळाच्या पटांगणात सचित्र व्याख्यान असावे. भाषा पाठ्यपुस्तकी नसावी. वऱ्हाडी बोलीत शिल्पशास्त्र सांगता येत नाही असे ज्याला वाटते त्याने सप्ताहातील एखादे कीर्तन ऐकावे. दृष्टिहीनांसाठी प्रमुख शिल्पांच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहण्यास ठेवाव्यात. शाळेच्या प्रत्येक मुलाने सातवीपर्यंत आपल्या तालुक्यातील एक वास्तू निरूपकासह पाहिलेली असावी.

स्वयंसेवकांवर काम भागवावे, पगार कशाला, असे सुचवले जाईल. शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन ज्या शिस्तीने काम करतात ती पाहता या जिल्ह्यात निःस्वार्थ सेवेची वाण नाही हे उघड आहे. अशा सेवाभावी माणसांची साथ जरूर घ्यावी. पण ज्ञानाचे काम हे काम आहे आणि कामाला दाम असला पाहिजे. विनामूल्य सेवा केवळ ज्याचे घर भरलेले आहे तोच कायम देऊ शकतो. मग निरूपकही सुखवस्तू वर्गातून येतील आणि पुन्हा त्याच वर्गाशी बोलतील.

आणि सिंदखेडराजाची ती शेषशायी मूर्ती? तिच्यासाठी सिंदखेडराजातच, उत्खननाच्या जागेजवळ, सुरक्षित आणि शास्त्रशुद्ध दालन उभारावे ही मागणी जिल्ह्यातील सर्व पक्षांनी एकत्र येऊन करावी. त्या दालनाच्या अंदाजपत्रकात काच, कुलूप, दिवे आणि पहारेकरी यांची तरतूद होईलच. तशी रीतच आहे. त्यात निरूपकाच्या पगाराची ओळ आहे की नाही, हे लोकप्रतिनिधींनी पहिल्याच बैठकीत विचारावे, आणि ती नसेल तर ती घातल्याशिवाय अंदाजपत्रक मंजूर होऊ देऊ नये.